जमीन आईची, कारभार मामाचा

वाचकहो, घरातल्या पेटीतून सातबारा काढून पाहा. त्यावर कोणाचे नाव आहे? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलेच येईल. वडिलांचे, आजोबांचे, नाहीतर चार भावांचे मिळून. आईचे नाव असलेच तर ते वडील वारल्यावर वारस म्हणून चढलेले. बहिणीचे नाव असेल तर हक्कसोड कधी करून घ्यायची याची कुजबुज घरात चालू असेल. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, याहून निराळे काही जगात असेल असे मनातही येत नाही.

पण असा एक मुलूख आहे, जिथे वाडवडिलांची म्हणण्याऐवजी ‘आई-आजीची जमीन’ म्हणावे लागते. तिथे शेत आईकडून मुलीकडे आणि मुलीकडून नातीकडे जाते. मुलगा शेत राखतो, भांडतो, सांभाळतो, पण ते शेत त्याच्या लेकरांना मिळत नाही. ते त्याच्या बहिणीच्या लेकरांचे. आणि हे एखाद्या डोंगरकपारीतल्या पाच-पन्नास घरांपुरते नाही. साठ लाखांहून अधिक माणसे ही रीत मानतात. या लोकांना मिनांगकाबाऊ म्हणतात, आणि त्यांचा मुलूख म्हणजे इंडोनेशिया देशातला पश्चिम सुमात्रा प्रांत.

मुलूख कसा आहे?

सुमात्रा हे मोठे बेट. विषुववृत्त त्याच्या मधून जाते. पश्चिम सुमात्रातल्या बोंजोल गावावरूनच ती रेघ गेली आहे. त्यामुळे उन्हाळा-हिवाळा असा फारसा फरक नाही, पाऊस बारमाही. किनाऱ्यावर पादांग हे प्रांताचे मुख्य शहर. तिथून घाट चढून वर गेले की डोंगराळ पठार लागते. आगाम, तानाह दातार आणि लिमा पुलुह कोता हे या पठारावरचे तीन जुने परगणे. मिनांगकाबाऊंचे मूळ घर हेच.

मारापी, सिंगालांग, सागो अशी ज्वालामुखीची शिखरे भोवताली उभी आहेत. त्यांच्या राखेने जमीन काळीभोर आणि सुपीक झाली आहे. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरे, बांधावर नारळ, वर दालचिनी आणि कॉफी, आणि चिखलात लोळणाऱ्या म्हशी असे तिथले चित्र. पण ज्वालामुखी देतो तसा नेतोही. डिसेंबर 2023 मध्ये मारापी फुटला आणि डोंगर चढायला गेलेले 24 जण दगावले. पुढे मे 2024 मध्ये मोठा पाऊस झाला, तेव्हा डोंगरावरची राख आणि दगड पुराबरोबर खाली आले. साठहून अधिक माणसे गेली आणि कितीतरी खाचरे गाळाखाली पुरली गेली.

मिनांगकाबाऊ या नावाची गोष्टही शेतकऱ्याला आवडेल अशीच आहे. परक्या राजाची फौज चालून आली, तेव्हा लढाईऐवजी रेड्यांची झुंज लावायचे ठरले. परक्यांनी थोराड रेडा आणला. गावकऱ्यांनी एक दूधपिते पारडू उपाशी ठेवले, त्याच्या नाकाला टोकदार लोखंड बांधले आणि सोडले. पारडू आईच समजून थेट मोठ्या रेड्याच्या पोटाशी धावले, आणि रेड्याचे पोट फाटले. मिनांग म्हणजे जिंकलेला, काबाऊ म्हणजे रेडा. दंतकथाच ती, पण तिथल्या घरांची छपरे आजही रेड्याच्या शिंगांसारखी दोन्ही टोकांना वर वळलेली असतात.

मोठे घर आणि तीन कणग्या

गावाला तिथे ‘नगारी’ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? तो आपल्या नगरीचाच भाऊ. संस्कृतातले बरेच शब्द जुन्या काळी समुद्रापार गेले आणि तिथे रुजले. मालमत्तेला ते ‘हार्ता’ म्हणतात, तो आपला ‘अर्थ’.

नगारीत निरनिराळी कुळे राहतात. कुळ आईकडून लागते. आपल्याकडे देवक जुळले की सोयरीक होत नाही, तसेच तिथेही एका कुळात लग्न होत नाही. एका आजीच्या पोटच्या लेकी-नाती मिळून एक घराणे, आणि त्या घराण्याचे घर म्हणजे ‘रुमा गदांग’, अर्थात मोठे घर. लाकडी खांबांवर उचललेले लांबट घर, समोर सगळ्यांची सामायिक ओसरी आणि मागे ओळीने खोल्या. प्रत्येक लग्न झालेल्या मुलीला एक खोली. मुलगा मोठा झाला की त्याला खोली नसे. तो रात्री गावच्या प्रार्थनाघरात झोपायला जाई, तिथेच शिकायचा, आणि लग्न झाले की बायकोच्या घरी जायचा.

घरापुढे धान्याच्या उंच कणग्या असतात, त्यांना रांगकियांग म्हणतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक कणगीचे काम ठरलेले. एकीतले भात रोजच्या जेवणाचे. दुसरीतले विकून मीठ, कापड अशा घरी न पिकणाऱ्या वस्तू आणायच्या. तिसरीला हात लावायचा नाही. ती टंचाईच्या दिवसांसाठी आणि दारी आलेल्या गरजवंतासाठी. वाचक भगिनींनो, घर चालवणाऱ्या बाईला या तीन कणग्यांचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

आता रुमा गदांग थोडेच उरले आहेत. ताडाच्या काथ्याचे छप्पर जाऊन अनेकांवर पत्रे आले. बहुतेक कुटुंबे जवळपासच विटांची लहान घरे बांधून राहतात. पण घर कोणाच्या जमिनीवर बांधले ते पाहा. नवऱ्याने परमुलखात राबून पैसे आणले, विटा-सिमेंट घेतले, तरी पाया बहुधा बायकोच्या माहेरच्या जमिनीत घातलेला असतो.

दोन प्रकारची मालमत्ता

मिनांगकाबाऊ लोक मुसलमान आहेत आणि धर्माचे पक्के आहेत. शरीयतीत तर मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा. मग आईकडून मुलीकडे जमीन कशी? या प्रश्नावर तिथे शंभर-दीडशे वर्षे वाद झाला. कित्येक धर्मपंडितांनी या रिवाजाला विरोध केला. शेवटी मेळ बसला तो असा.

मालमत्तेचे दोन भाग. पिढ्यान्‌पिढ्या आईच्या वंशातून आलेली शेते, घर आणि पाणथळ म्हणजे ‘पुसाको तिंगी’, वरची मिरास. ती रिवाजाप्रमाणे आईच्या वंशातच राहायची. तिचा मालक कोणी एकटा नाही, म्हणून कोणी मेले तरी तिची वाटणी होत नाही. आई-बापांनी आपल्या कष्टाने कमावलेले ते ‘पुसाको रांदाह’, खालची मिरास. ते धर्माच्या नियमाप्रमाणे मुला-मुलींत वाटायचे. 1952 साली बुकितिंगी येथे कुळांचे प्रमुख, धर्मपंडित आणि जाणते लोक एकत्र बसले आणि त्यांनी हा तोडगा ठरावाने पक्का केला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका आजीला तीन मुली आणि दोन मुलगे आहेत. घराण्याची सहा खाचरे आहेत. तिन्ही मुलींना दोन-दोन खाचरे कसायला मिळतील. कसायची, पिकवायची, खायची, वाटल्यास अर्धलीने द्यायची, पण विकायची नाहीत. त्या गेल्यावर त्यांच्या मुली कसतील. मग मुलग्यांचे काय? ते ‘मामाक’ होतात, म्हणजे भाच्यांचे मामा. नुसता शब्दच आपल्या मामासारखा नाही, मानही तसाच, किंबहुना कांकणभर जास्तच. बांधाचा तंटा, पाण्याची पाळी, भाचीचे लग्न, भाच्याची शाळा, सगळे मामाकडे. घराण्याच्या प्रमुख मामाला ‘दातुक’ ही पदवी मिळते. तो पंचांत बसतो आणि घराण्यातर्फे बोलतो. थोडक्यात, जमीन आईची आणि कारभार मामाचा.

नवरा कुठे बसतो?

पुरुष वाचक मनात म्हणत असतील, हे तर गावभर घरजावई झाले! जुन्या काळी तसेच होते. जावई संध्याकाळी बायकोच्या घरी यायचा आणि सकाळी उठून आईच्या शेतावर कामाला जायचा. तिथल्या म्हणीत जावयाला खुंटावरच्या राखेची उपमा दिली आहे. वाऱ्याची झुळूक आली की उडाली.

म्हणून तिथल्या तरुणांत एक रीत पडली. वयात आले की गाव सोडायचे, परमुलखात जाऊन कमवायचे, शिकायचे. याला ‘मारांताऊ’ म्हणतात. आज इंडोनेशियातल्या शहराशहरांत पादांगच्या जेवणाची खानावळ दिसते. हातावर एकावर एक बशा रचून आणणारा वाढपी, मसाल्यात तासन्‌तास आटवलेले रेंदांग, हे सगळे या घर सोडलेल्या मुलांनी देशभर नेले. देशाचे पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हत्ता हे बुकितिंगीचेच.

आता दिवस बदलले. नवरा-बायको वेगळे घर करून राहतात, बाप आपल्या मुलांचे शिक्षण स्वतः पाहतो, आणि आपली कमाई भाच्यांऐवजी मुलांना देतो. मामाचा अधिकार त्या मानाने कमी झाला आहे. पण एक गोष्ट बदललेली नाही. नवरा वारला किंवा काडीमोड झाला, तर बाईला पोरे घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. घर तिचे, खाचर तिचे, चूल तिची. बाहेर पडायचे झाले तर नवरा पडतो, तोही आपल्या बहिणीच्या घरी जातो. आपल्याकडे सासरने हाकलले आणि माहेरने दार लावले अशा किती जणी गावोगाव दिसतात, ते तुम्हाला सांगायला नको.

गहाण टाकायची चारच कारणे

विकायची नाही, पण अडचण तर प्रत्येक घराला येते. तेव्हा काय करायचे? गहाण टाकायचे. त्यालाही रिवाजाने चारच कारणे मान्य केली. घरात मयत झाले आणि अंत्यविधीला पैसा नाही. मुलगी मोठी झाली आणि लग्न खोळंबले आहे. मोठे घर गळू लागले. किंवा घराण्याचा प्रमुख गेला आणि नवा बसवायचा समारंभ करायचा आहे. यातल्या कारणासाठी, तेही घराण्यातल्या सगळ्यांची संमती असेल तरच, खाचर गहाण जाते. जुगाराचे देणे, मोटारसायकलची हौस यांना या यादीत जागा नाही. आता शाळा-कॉलेजच्या खर्चासाठी आणि धंद्यासाठीही गहाण पडते, पण ती रिवाजात बसते का यावर घराघरांत वाद होतात.

गहाणाची पद्धत अशी. पैसे, आणि पुष्कळदा तोळ्यावर मोजलेले सोने, देणारा खाचर आपल्या ताब्यात घेतो. व्याज नाही, पण पीक त्याचे. मूळ रक्कम परत केली की खाचर परत. सोन्यात मोजल्यामुळे रुपया घसरला तरी देणाऱ्याचे नुकसान होत नाही. मात्र सोने महागले की सोडवणाऱ्याचा जीव जातो. पीकही गेले आणि सोनेही फिटेना, अशी खाचरे पिढी-पिढी अडकून राहतात.

यावर इंडोनेशिया सरकारने 1960 साली कायदा केला. सात वर्षे किंवा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन, उभे पीक निघाल्यावर महिन्याभरात, एक पैसा न घेता मालकाला परत द्यावी. कारण तेवढ्या वर्षांच्या पिकातून सावकाराची रक्कम वसूल झालेली असते. हिशेब बरोबर होता. पण मिनांगकाबाऊ गावांत तो फारसा चालला नाही. तिथे गहाण घेणारा परका सावकार नसतो. बहुधा तो कुळातलाच, नात्यातलाच, अडीला धावून आलेला माणूस. त्याला फुकट जमीन परत माग म्हटले तर लोकांना लाज वाटते. कायदा पुस्तकात राहिला, आणि लोक आपल्या रीतीने चालले.

कागदावर नाव कोणाचे?

खरी अडचण पुढेच आहे. ज्या जमिनीचा कोणी एकटा मालक नाही, तिचा कागद कोणाच्या नावाने करायचा?

जुन्या काळी कागद लागत नव्हता. ‘रांजी’ असली की पुरे. रांजी म्हणजे आईकडून मोजलेली वंशावळ. कोणती आजी, तिच्या मुली कोण, त्यांच्या मुली कोण. तिच्यावर घराण्याच्या प्रमुखांच्या सह्या असतात आणि जमिनीचा तंटा निघाला की आजही पहिल्यांदा तीच उलगडून पाहतात. तंटा आधी गावच्या रिवाज-पंचायतीपुढे येतो, तिथे मिटला नाही तर कोर्टात.

पण बँक रांजी घेऊन कर्ज देत नाही. तिला सरकारी दाखला लागतो. इंडोनेशियात 1960 च्या जमीन कायद्यापासून जमिनीची सरकारदरबारी नोंद सुरू झाली, 1981 पासून त्याची मोठी मोहीम निघाली, आणि 2017 पासून तर गावेच्या गावे मोजून दाखले देण्याचे काम वेगाने चालले. घराण्याच्या जमिनीचा दाखला सगळ्यांच्या नावे किंवा प्रमुख मामाच्या नावे काढता येतो. सगळ्यांच्या नावे काढायचा तर परमुलखात गेलेल्या प्रत्येकाची सही गोळा करता करता दमछाक होते. एकाच्या नावे काढला तर काम लवकर होते, पण धोका तिथेच. कागद ज्याच्या नावे, त्याच्या मनात उद्या काय येईल? आणि त्याच्या मुलांनी बापाचे नाव पाहून हक्क सांगितला तर? त्या मुलांचे कुळ तर त्यांच्या आईचे, म्हणजे वेगळेच. या भीतीने पुष्कळ घराणी आजही आपल्या वरच्या मिरासीचा दाखला काढायला कचरतात.

ही भीती उगाच नाही. पासामान भागातली हकीगत पाहा. त्या भागात गेल्या शतकाच्या अखेरीस पाम तेलाचे मोठे मळे आले. कंपनीला जमीन हवी होती, ती कुळांच्या सामायिक मालकीची पड आणि रान होती. कुळांच्या प्रमुखांनी सह्या केल्या आणि रिवाजाप्रमाणे मानधन घेतले. त्यांची समजूत अशी की, जमीन वापरायला दिली, मुदत संपली की परत येईल. रिवाजात तसेच आहे. पण सरकारी कायद्यात तसे नव्हते. मळ्याचा हक्क तेव्हा सरकारी जमिनीवरच मिळत असे. म्हणून कुळाने आधी जमीन सोडून दिली असे धरले गेले, ती सरकारजमा झाली आणि मग कंपनीला पंचवीस-पस्तीस वर्षांसाठी मिळाली. मुदत संपली तरी ती सरकारचीच. एकाच कागदावर दोन बाजूंनी दोन अर्थ वाचले. आणि ज्या बायांच्या वंशाची ती जमीन, त्यांतल्या कितीजणींना सही होण्याआधी विचारले होते? पुढे मोर्चे निघाले, खटले चालले. 2008 साली प्रांताने सामायिक जमिनीविषयी स्वतंत्र नियम केले. मुदत संपल्यावर जमीन मूळ कुळाकडे परत जावी असे त्यात म्हटले. पण गेलेली जमीन परत मिळवणे किती कठीण, ते धरणात जमीन गेलेल्या आपल्या शेतकऱ्याला विचारा.

गाव मोडले आणि पुन्हा जुळले

गावालाही असाच एक धक्का बसला होता. 1979 साली साऱ्या देशात एकाच पद्धतीचे गाव असावे असा कायदा झाला. नमुना जावा बेटावरचा. सरकारी मदत दर गावामागे ठराविक मिळणार होती. मग 1983 मध्ये पश्चिम सुमात्रातल्या पाचशेहून अधिक नगारींचे तुकडे करून तीन हजारांवर गावे केली. गावे वाढली तसा निधी वाढला. पण सामायिक रान एकाचे, पाणी दुसऱ्याचे, कुळाची माणसे तिसऱ्या गावात, असा घोळ झाला. शेवटी 2000 साली प्रांताने नगारी पुन्हा आणली. पैशासाठी घराच्या भिंती पाडल्या, आणि पुन्हा बांधायला सतरा वर्षे लागली.

यातून आपण काय घ्यावे?

मंडळी, तिथे सगळे सोन्याचे आहे असे समजू नका. जमीन बाईची असली तरी पंचांत बसतो पुरुष. लबाड मामाने परस्पर खाचर गहाण टाकल्याच्या तक्रारी तिथेही होतात. पिढीगणिक तोंडे वाढली आणि खाचरे तेवढीच राहिली. 2013 च्या शेतीगणनेत इंडोनेशियातल्या निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबांकडे अर्धा हेक्टर, म्हणजे सव्वा एकरही जमीन नव्हती. सामायिक जमीन म्हणून कोणी तिच्यावर मनापासून खर्च करत नाही, हेही खरे.

तरीपण शेकडो वर्षे ही जमीन बाजारात गेली नाही, आणि कुठली पोर उघड्यावर पडली नाही. याचे कारण एक. एका माणसाच्या सहीने तिथे जमीन हलत नव्हती. लेकी-बहिणींसह सगळे घराणे बसायचे, आणि एकाने मान हलवली नाही तर बैठक मोडायची. जिथे जिथे एकाच्याच सहीवर काम भागले, तिथे तिथे जमीन गेली.

आपल्याकडे कायद्याने महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला आहे. हक्क कागदावर आला, पण हक्कसोडीचा कागदही त्याच्या पाठोपाठ आला. मिनांगकाबाऊंची रीत आपल्याकडे आणा असे कोणी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे जायचे ठरेल, तेव्हा आदल्या रात्री ओसरीवर सगळ्यांना बसवा. आईला, बायकोला, आणि माहेरपणाला आलेल्या बहिणीलाही. कागद मोठ्याने वाचून दाखवा. कोणाला काय समजले ते विचारा. सही त्यानंतर करा.